ई-पुस्तक वाचायला खातं काढावं लागतं, पण माहिती किती द्यायची?

उद्यमबागवाला | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण आमच्या आईचं वाचन.

आई ७६ वर्षांची, मूळची नंदगडची. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. छापील अक्षर पुरत नाही आणि जाड पुस्तक मनगटाला पेलवत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी टॅबवर ई-पुस्तकं लावून दिली. बोटाने अक्षर मोठं होतंय म्हटल्यावर बाई अशी रमली, की संध्याकाळच्या मालिका बंद झाल्या.

सॉफ्टवेअर उघडलं की आधी खातं काढा. ईमेल, मोबाईल, जन्मतारीख, जिल्हा. त्या दिवशी मी फाउंड्रीतून दमून आलेलो. माझाच ईमेल घातला आणि पासवर्ड आमच्या घरचा 'ठरलेला'. तोच वीजबिलाला, तोच रेल्वेच्या तिकिटाला, तोच ईमेललाही. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांचं असंच असणार.

गेल्या मंगळवारी रात्री मेल आला, तुमच्या वाचनाच्या खात्यात नव्या यंत्रावरून प्रवेश झाला आहे. परदेशातलं ठिकाण. सकाळी बघतो तर माझ्या ईमेलमध्ये शिरायचे तीन प्रयत्न झालेले. ईमेलवाल्यांनी अडवले म्हणून वाचलो. पैसे गेले नाहीत. पुस्तकवाल्या कंपनीला कळवलं, तर 'आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं छापील उत्तर आलं. कंपनीचं नाव घेत नाही, गळती त्यांच्याकडूनच झाली असा पुरावा माझ्याजवळ नाही.

आता बायको म्हणते टॅब बंद करा. आई म्हणते, माझं पुस्तक अर्ध्यावर आहे. मधल्या मध्ये मी.

अनगोळचा_बाळू | शनिवार, रात्री १०:०५

काय गा, आईला बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाचं तिकीट काढून दे की. १८४८ पासून चाललंय ते, एकदा तरी हॅक झालंय काय?

उद्यमबागवाला | शनिवार, रात्री १०:१२

तिकीट आहे मर्दा, वडिलांच्या वेळेपासून आहे. पण मोठ्या अक्षरातली पुस्तकं कुठून आणू?

खानापूरकर_सध्या_बेंगळुरू | शनिवार, रात्री ११:३०

दादा, पुस्तकाचं खातं नंतर. आधी ईमेल सांभाळा, आत्ता, झोपायच्या आधी. बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' वाले मेल तिथेच येतात. म्हणजे ईमेल गेला की सगळं गेलं. आईच्या टॅबवरून नको, भरवशाच्या दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला. मग 'सर्व यंत्रांवरून बाहेर पडा' दाबा. मग सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बघा, ज्या लोक विसरतातच: तुमचे मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचा नियम कुणी लावून ठेवलाय का, आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाईल नंबर तुमचाच आहे का. चोर आत येऊन गेला असेल तर मागचं दार उघडं ठेवून जातो.

हे घडलं कसं? बहुतेक तुमच्यावर कुणी डोळा ठेवून नव्हतं. कुठल्या तरी तिसऱ्याच संकेतस्थळावरून ईमेल-पासवर्डच्या लाखो जोड्या फुटतात, आणि यंत्रं त्या जोड्या शेकडो ठिकाणी लावून बघत बसतात. तुमची जोडी एके ठिकाणी लागली. त्यामुळे ती पुस्तकवाली कंपनी खरंच निर्दोष असू शकते. दोष त्या 'ठरलेल्या' पासवर्डचा.

'हॅव आय बीन पोन्ड' नावाचं संकेतस्थळ आहे, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये काढलेलं. तिथे फक्त ईमेल घाला. आजवरच्या कुठकुठल्या गळतीत तो सापडलाय ते दिसतं. उघडायचं ते खऱ्या पत्त्यावरच, व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून नको.

उद्यमबागवाला | रविवार, सकाळी ७:१५

रात्री एक वाजेपर्यंत बसून केलं. नियम कुणी लावलेला नव्हता. पण त्या संकेतस्थळावर माझा ईमेल चार गळत्यांमध्ये निघाला! त्यातली एक २०१३ ची, अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीची. मी अडोबीचं खातं कधी काढलं तेच आठवत नाही.

खानापूरकर_सध्या_बेंगळुरू | रविवार, सकाळी ९:००

अडोबीची गोष्ट सांगतोच, कारण ई-पुस्तकांशी तिचा सरळ संबंध आहे. कुलूपबंद, म्हणजे परस्पर नक्कल करता येऊ नये अशी, बरीच ई-पुस्तकं उघडायला अडोबी डिजिटल एडिशन्स हे वाचायचं सॉफ्टवेअर लागतं, ते अडोबीचं खातं मागतं, आणि पुष्कळांनी केवळ तेवढ्यासाठी ते काढलेलं असतं. तुमचंही तसंच काही असेल.

ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांच्याकडे चोरी झाली. आधी म्हणाले २९ लाख ग्राहक. महिना संपायच्या आत आकडा ३ कोटी ८० लाखांवर गेला. पुढे जी फाईल बाहेर फिरली, तिच्यात १५ कोटींहून जास्त नोंदी होत्या. आणि खरी गंमत पुढेच. चांगली पद्धत अशी, की पासवर्ड साठवायचाच नाही. त्याचा असा चुरा करून ठेवायचा, की परत मूळ रूप मिळू नये, आणि प्रत्येकाच्या चुऱ्यात वेगळं मीठ टाकायचं, म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असला तरी चुरा वेगळा दिसतो. यांनी सगळे पासवर्ड एकाच किल्लीने कुलूपबंद करून ठेवले होते. त्यामुळे ज्यांचे पासवर्ड सारखे, त्यांचा गिचमिड मजकूरही सारखाच दिसायचा. वर प्रत्येकाने आठवणीसाठी लिहिलेली खूण उघड्या अक्षरांत! समजा हजार जणांचा मजकूर एकसारखा आहे, आणि त्यातल्या एकाने खूण लिहिली 'एक ते सहा आकडे'. हजारही उघडे पडले. खरोखरच सुमारे १९ लाख लोकांचा पासवर्ड १२३४५६ निघाला.

उलट उदाहरण इंटरनेट अर्काइव्हचं. २०२४ मध्ये तिथल्या ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती गेली. तिथून उसनी पुस्तकं वाचायला खातं लागतं, आपल्यातल्या बऱ्याच जणांचं असेल. ईमेल आणि वापरकर्ता नावं गेली, पण पासवर्ड चुरा केलेले होते. गळती दोघांकडे झाली, नुकसान सारखं नाही.

आणि ही पद्धत कोण कशी पाळतं, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच: वाचनाचं खातं कंगाल ठेवायचं. फुटलं तरी चोराच्या हाती काही लागता कामा नये. वेगळा ईमेल, दुसरीकडे कुठेही नसलेला पासवर्ड, मोबाईल नंबर सक्तीचा नसेल तर मोकळा सोडायचा, कार्ड कायमचं जोडून ठेवायचं नाही.

चिक्कोडीची_लेक | रविवार, सकाळी ११:२०

वेगळा ईमेल म्हणजे जीमेलमध्ये नावापुढे अधिक चिन्ह लावून 'पुस्तक' लिहितात ते चालेल का? आणि कॉलेजच्या ग्रंथालयाकडून मला एसीएसएम फाईल आलीय. तीन केबीची फाईल आणि पुस्तक म्हणे ६०० पानांचं!

खानापूरकर_सध्या_बेंगळुरू | रविवार, दुपारी १२:०५

अधिक चिन्हाचा उपयोग तुमचा पत्ता कुणी विकला ते ओळखण्यापुरता. ते चिन्ह कापलं की खरा पत्ता कुणालाही कळतो. आईसाठी स्वतंत्रच काढा.

एसीएसएम म्हणजे पुस्तक नव्हे, रेशनची चिठ्ठी. ती दाखवली की सॉफ्टवेअर सर्व्हरवरून पुस्तक आणतं आणि तुमच्या खात्याला बांधतं. अडोबी डिजिटल एडिशन्समध्ये खात्याशिवायही संगणक अधिकृत करायची सोय आहे, त्या चौकटीत खाली बारीक अक्षरात पर्याय असतो. तोटा असा, की ती पुस्तकं त्याच संगणकावर उघडतात. विंडोज नव्याने टाकलंत की गेली. दोन आठवड्यांच्या उसन्या पुस्तकाला खुशाल तो पर्याय घ्या. विकत घेतलेल्याला मात्र खातं बरं. कॉलेजच्या संगणकावर स्वतःच्या खात्याने उघडलं असेल तर उठताना कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकदम दाबा, अधिकृतता पुसली जाते. नुसती खिडकी बंद करून पुसली जात नाही.

ग्रंथपाल_मावशी | रविवार, दुपारी ३:४५

मी खेड्यातल्या वाचनालयात २२ वर्षं काढली. तुम्ही सगळे पासवर्डचं बोलताय. मला दुसरंच खटकतं.

एकदा एक गृहस्थ आले, म्हणाले आमची सून कुठली पुस्तकं नेते ते जरा बघायचं होतं. मी म्हटलं रजिस्टर कपाटात आहे आणि किल्ली अध्यक्षांकडे. किल्ली माझ्याच कमरेला होती. ती मुलगी तेव्हा पोटगीच्या कायद्यावरचं पुस्तक वाचत होती.

आता ते रजिस्टर टॅबच्या पहिल्याच पडद्यावर असतं, 'अलीकडे वाचलेली'. घरात खातं एकच, टॅब एकच. कुणी आजाराचं वाचतंय, कुणी घटस्फोटाचं, सगळं सगळ्यांना दिसतं. चोर परदेशातलाच असतो असं नाही. आणि आपल्या भागात तर माणूस कुठल्या भाषेतलं वाचतो यावरूनसुद्धा लोक त्याला खोक्यात घालतात. सीमाप्रश्नावरचं पुस्तक कुणी चाळलं, कितव्या पानावर खूण केली, याचा अर्थ इथे कोण काय लावील सांगता येत नाही. आमच्या जुन्या रजिस्टरांना वाळवी लागायची. प्रायव्हसीचं धोरण म्हणायचं तर तेच!

खानापूरकर_सध्या_बेंगळुरू | रविवार, दुपारी ४:३०

मावशी, मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो विसरलो होतो. २०१४ मध्ये नेमकं हेच उघडकीस आलं होतं. डिजिटल एडिशन्सची चौथी आवृत्ती तुम्ही कुठलं पुस्तक उघडलं, कुठली पानं वाचली, हे कंपनीच्या सर्व्हरला पाठवत होती, आणि तेही साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात. म्हणजे हॉटेलच्या वायफायवर बसलेल्या कुणालाही मधल्या मध्ये वाचता यावं असं. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात सुधारित आवृत्ती आली आणि मजकूर सांकेतिक झाला. मात्र नोंद पाठवणं थांबलं नाही. उसन्या पुस्तकाची मुदत मोजायला काही नोंद लागते हे मान्य, पण सगळी लागते असं नाही.

घरात प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा. किंडल या ॲमेझॉनच्या वाचनयंत्रावर इतरांनी अधोरेखित केलेल्या ओळी दिसतात, त्यात आपली भर पडू नये म्हणून ते सेटिंगमधून बंद करता येतं. पानाची खूण सगळ्या यंत्रांवर सारखी ठेवायची सोयही बंद करता येते. एकाच टॅबवर वाचणाऱ्याला ती लागते कशाला?

सदलगा_एक्सप्रेस | रविवार, सायंकाळी ६:१०

एवढ्या भानगडी कशाला? टेलिग्रामवर '५००० मराठी पुस्तकं मोफत' असं ॲप फिरतंय. खातं नको, काही नको. दुवा पाठवू काय?

निपाणीकर_तात्या | रविवार, सायंकाळी ६:२५

नको रे बाबा. आमच्या शेजाऱ्याने असलंच एक उतरवून घेतलं होतं. बसल्या बसल्या त्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली आणि ह्यानेही दिली. पुस्तक वाचायला एसएमएस कशाला लागतो, एवढं विचारायचं सुचलं नाही. ओटीपी परस्पर वाचले गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन लगेच केला म्हणून अर्धे पैसे अडकवता आले. अर्धे गेले ते गेलेच.

आणि फुकट हवं असेल तर सरळ मार्ग आहे की. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकांची पीडीएफ मोफत देतं. मराठी विश्वकोश पूर्ण वाचता येतो, खातं न काढता.

खानापूरकर_सध्या_बेंगळुरू | रविवार, सायंकाळी ७:००

तात्यांना दुजोरा. आणि अशा खुल्या फायलींसाठी कॅलिबर हे सॉफ्टवेअर घ्या. कोविद गोयल या आपल्याच माणसाने २००६ मध्ये सुरू केलेलं, मोफत, आणि खातं मागतच नाही. कुलूपबंद पुस्तकं त्यात उघडत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

टिळकवाडीचे_वकील | रविवार, रात्री ८:५०

कंगाल खात्याचं तत्त्व पटलं, पण एक हरकत. नाव खोटं, जन्मतारीख खोटी, ईमेल भलताच, असं खातं काढून वर तुम्ही त्यात पाचशे-हजारांची पुस्तकं विकत घेणार. उद्या खातं अडकलं तर तुम्हीच तुम्ही आहात हे सिद्ध कसं करणार? ई-पुस्तक 'विकत' घेतलं म्हणतो आपण, प्रत्यक्षात मिळतो तो वापराचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून दुरून पुसली, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पण एका विद्यार्थ्याची टिपणं निकामी झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. तिथेही पैसे परत. पण पैसे परत मिळाले ते खातं खरं आणि चालू होतं म्हणून.

खानापूरकर_सध्या_बेंगळुरू | रविवार, रात्री ९:३०

वकीलसाहेब, मान्य. सुधारतो. जिथे पैसे देताय तिथे नाव खरं आणि पावत्या जपून. कंगाल म्हणजे खोटं नव्हे, गरजेपुरतं. कार्डाचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात दुकानांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या दुकानापुरता बदली नंबर असतो. मला जास्त भीती 'महिनाभर मोफत' वाल्या योजनांची वाटते. तिथे यूपीआयचं ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापणं, लागून बसतं आणि आपण विसरतो. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, एकदा उघडून बघा. माझ्याच यादीत दोन मेलेल्या योजना निघाल्या.

खोटं फक्त एका ठिकाणी बोलायचं, सुरक्षा प्रश्नांना. 'तुमचं जन्मगाव कोणतं?' याचं उत्तर अख्ख्या गल्लीला पाठ असतं.

अनगोळचा_बाळू | रविवार, रात्री ९:४२

माझं त्याच प्रश्नाने खातं बंद पडलंय ओ! जन्मगाव 'बेळगाव' लिवलेलं २०११ ला. २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारने 'बेळगावी' केलं. आता इंग्रजीत कुठलं स्पेलिंग घातलं होतं ते आठवना. पाच वेळा चुकलं, कुलूप. सीमाप्रश्न माझ्या ईमेलमध्ये शिरलाय.

जांबोटीचा_पावसाळा | रविवार, रात्री १०:२०

दोन पायऱ्यांची पडताळणी लावा म्हणतात सगळे, पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर रेंजच नसते. ओटीपी दुसऱ्या दिवशी गाडीत बसून खानापुरात गेल्यावर एकदम सात येतात. कणकुंबीकडे तर विचारूच नका.

खानापूरकर_सध्या_बेंगळुरू | रविवार, रात्री १०:३५

तुमच्यासारख्यांनाच ऑथेंटिकेटर ॲप जास्त उपयोगी आहे. त्यातला सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, एक गुप्त किल्ली आणि घड्याळाची वेळ यांच्यावरून. रेंज नको, सिम नको. फक्त फोनचं घड्याळ बरोबर पाहिजे. शिवाय कुणी तुमच्या नावावर दुसरं सिम काढलं तरी हा कोड त्याच्याकडे जात नाही. फोन हरवला तर म्हणून गूगल दहा राखीव कोड देतं, ते कागदावर उतरवून ठेवा. कागद भिजणार नाही अशा जागी, जांबोटीत राहताय.

उद्यमबागवाला | पुढचा शनिवार, सायंकाळी ५:३०

काय काय केलं ते सांगतो. आईच्या वाचनासाठी नवा ईमेल. त्यावर बँक नाही, वीजबिल नाही, कुणाचे फोटो नाहीत. पासवर्ड चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून केला. चारही शब्द आईने स्वयंपाकघरात बसून निवडले, आणि हे सगळं घरच्या दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय. पासवर्डची ॲपं असतात हे माहीत आहे, माझ्यासाठी मी बिटवॉर्डन घेतलंही, पण आईला वहीच बरी. परदेशातला चोर दुधाच्या वहीपर्यंत पोहोचत नाही. घरात येणाऱ्यांचं मावशी म्हणतात ते खरंय, म्हणून वही आईच्या ट्रंकेत.

जुनं खातं पुसायला कंपनीला लेखी कळवलं, २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याचा उल्लेख करून. या वेळी छापील उत्तर आलं नाही, माणसाने लिहिलेलं आलं. पुसतो म्हणालेत. विकत घेतलेली तीन पुस्तकं त्याबरोबर जाणार. दोन वाचून झालेली होती, तिसरं परत घेतलं, १४० रुपये. आई म्हणाली, पान मला माहीत आहे, खूण नको.

सुरक्षा प्रश्नाला मात्र आई अडून बसली. 'मी नंदगडची, खोटं का लिहू?' अर्धा तास समजावलं. शेवटी स्वतःच एक जन्मगाव शोधून काढलं आणि ते असलं भारी आहे की मी आणि बायको दोघं हसून लोळलो.

अनगोळचा_बाळू | पुढचा शनिवार, सायंकाळी ५:३४

कुठलं? सांग की गा.

उद्यमबागवाला | पुढचा शनिवार, सायंकाळी ५:३६

नाही.